भिंतीवर रंगवलेला आकडा

मार्च २०१४. तुर्कस्तानात स्थानिक निवडणुका तोंडावर आल्या होत्या. सत्ताधाऱ्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप करणाऱ्या ध्वनिफिती ट्विटरवर फिरत होत्या. २० तारखेच्या रात्री ट्विटरच बंद!

बंद कसं केलं? इंटरनेट कंपन्यांच्या डीएनएस सर्व्हरवर. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. आपण साइटचं नाव टाकायचं, ती नंबर देणार. डिरेक्टरीच चुकीचा नंबर द्यायला लागली की साइट गायब.

लोकांनी तोड काढली. कंपनीची डिरेक्टरी सोडून गूगलची धरली. तिचा नंबर ८.८.८.८ इस्तंबूलच्या भिंतींवर रंगवला गेला. पण २९ मार्चला गूगलनं जाहीर केलं, की तिथल्या बहुतेक कंपन्यांनी गूगलचं सोंग घेतलेले सर्व्हर उभे केलेत. लोक विचारत होते गूगलला, उत्तर देत होता भलताच.

हे जमलं, कारण १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या डीएनएसचा कारभार उघड्या पोस्टकार्डासारखा होता. पाकीटबंद डीएनएसची मानकं २०१६ आणि २०१८ मध्ये आली.

तेव्हा मंडळी, राउटरमध्ये नुसतं १.१.१.१ किंवा ९.९.९.९ टाकून निर्धास्त होऊ नका. अँड्रॉइड ९ पासून फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे, तेच हे पाकीट. मात्र सेवा निवडताना तिचं गोपनीयता धोरणही बघा. पाकीट वाटेत कुणी वाचू शकणार नाही, पण ज्याच्या नावे धाडलंय तो वाचणारच.