‘नंतर’ म्हणणाऱ्यांची बाजू

टीव्ही लावावा आणि मॅचऐवजी ‘अपडेट उपलब्ध आहे’ अशी पाटी समोर यावी, हे आता घरोघरी होतं. बहुतेकांचं बोट मुकाट ‘नंतर’वर जातं. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, आणि आमच्या धंद्यात या माणसाला आळशी किंवा अडाणी समजायची पद्धत आहे. त्याच्यावर उपाय म्हणून आम्ही पाटी आणखी मोठी करतो, कधी ‘नंतर’चं बटणच काढून टाकतो. पण त्या बोटामागे आळस कमी आणि अनुभव जास्त आहे. तो अनुभव कसा जमत गेला, हे बघायचं तर डीव्हीडीपर्यंत मागे जावं लागतं.

डीव्हीडी प्लेअर १९९६ साली जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत बाजारात आला. चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून डिस्कवर सीएसएस नावाचं एक डिजिटल कुलूप असायचं. (वेबसाइटवाल्या सीएसएसशी त्याचा संबंध नाही.) १९९९ साली नॉर्वेतला जॉन लेक योहान्सन हा १५ वर्षांचा मुलगा आणि त्याचे इंटरनेटवरचे साथीदार यांनी ते उघडणारा प्रोग्राम सगळ्या जगाला देऊन टाकला. चित्रपट कंपन्यांची खरी अडचण पुढे होती. लोकांच्या घरात जाऊन बसलेल्या लाखो प्लेअरमधलं कुलूप बदलणार कसं? प्लेअर विकला की विषय संपत होता. तो बनवणाऱ्याचा त्याच्यावर काही ताबा उरत नव्हता.

ग्राहकाच्या दृष्टीनं हीच तर सोय होती. आपल्याकडे डीव्हीडी प्लेअर गावोगावी पोहोचला, त्यामागे हेही एक कारण होतं. त्याला वीज लागायची, टीव्ही लागायचा, बस्स. इंटरनेट म्हणजे काय हे घरात कुणाला माहीत नसलं तरी त्याचं काही अडत नव्हतं. बिघडलाच, तर नाक्यावरचा दुरुस्तीवाला उघडून बघायचा.

२००६ साली ब्लू-रे आलं ते डीव्हीडीच्या फजितीतून शिकूनच. त्याच्या एएसीएस या कुलपाची रचनाच अशी होती, की एखाद्या प्लेअरची किल्ली फुटली तर ती बाद करायची आणि पुढच्या डिस्क नव्या किल्लीनंच उघडायच्या. हे लवकरच करावं लागलं. २००७ च्या सुरुवातीला संगणकावरच्या विनडीव्हीडी या प्लेअरमधून किल्ली बाहेर पडली आणि एप्रिलमध्ये ती बाद झाली. ज्यांनी पैसे मोजून तो प्लेअर घेतला होता, ज्यांनी काहीच फोडलं नव्हतं, त्यांनाही निरोप गेला : अपडेट करा, नाहीतर नव्या डिस्क लागणार नाहीत.

एप्रिल २०१० मध्ये ‘अवतार’ ब्लू-रेवर आला, तेव्हा हाच प्रकार दिवाणखान्यात पोहोचला. अनेकांनी डिस्क आणली, प्लेअरमध्ये घातली आणि ती चाललीच नाही. आधी प्लेअरचं फर्मवेअर बदलणं भाग होतं. सुरुवातीच्या ब्लू-रे प्लेअरना नेटची जोडणी सक्तीची नव्हती. अशा प्लेअरसाठी संगणकावर फाइल उतरवायची, ती सीडीवर चढवायची आणि ती सीडी प्लेअरला भरवायची. आता एखाद्या आजोबांचा विचार करा. दुकानातून विकत आणलेला सिनेमा आपल्याच यंत्रावर का लागत नाही, हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगणार? आणि गंमत अशी, की चोरून कॉपी केलेल्या फाइलला यातलं काहीच लागत नव्हतं. शिक्षा होत होती ती पैसे भरणाऱ्याला.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. सोनीचं प्लेस्टेशन ३ बाजारात आलं, तेव्हा त्यावर लिनक्स चालवायची अधिकृत सोय होती. त्या सोयीच्या जोरावर अमेरिकेच्या हवाई दलानं १,७०० हून अधिक प्लेस्टेशन जोडून एक महासंगणक उभा करायला घेतला होता. १ एप्रिल २०१० रोजी आलेल्या ३.२१ क्रमांकाच्या अपडेटनं ती सोय काढून टाकली. कारण दिलं सुरक्षेचं. अपडेट नाकारायची मोकळीक होती, पण नाकारणाऱ्याला ऑनलाइन खेळता येणार नव्हतं, आणि ज्या नव्या गेम्सना किंवा ब्लू-रे डिस्कना ते अपडेट लागेल त्याही चालणार नव्हत्या. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. खोका उघडल्यावर मिळालेलं काहीतरी गमवायचंच होतं. काय गमवायचं एवढंच ग्राहकाच्या हाती होतं. त्यावर खटले झाले आणि २०१८ साली ३७.५ लाख डॉलरच्या तडजोडीवर प्रकरण मिटलं. तोवर प्लेस्टेशन ३ जुनं होऊन गेलं होतं.

मग आलं २०१६. या एकाच वर्षानं प्रश्नाच्या दोन्ही बाजू महिनाभराच्या अंतरानं दाखवल्या.

१३ सप्टेंबरला एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी दुसऱ्या कंपन्यांची स्वस्त शाईची कार्ट्रिज अचानक नाकारली. आदल्या दिवशीपर्यंत तीच कार्ट्रिज नीट चालत होती. कारण आधीच येऊन बसलेल्या फर्मवेअरमध्ये दडलेलं होतं. ओरड झाल्यावर, आपण ग्राहकांना हे नीट सांगायला हवं होतं असं म्हणत कंपनीनं माफी मागितली आणि ही अट काढणारं वेगळं फर्मवेअर देऊ केलं. पण ज्यांनी इमानदारीत अपडेट केलं होतं ते अडकले, आणि ज्यांनी केलं नव्हतं त्यांची छपाई चालू राहिली. यातून सामान्य माणसानं काय धडा घ्यावा?

आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारख्या साइट काही तास नीट उघडेनात. मिराई नावाच्या व्हायरसनं घरोघरचे कॅमेरे, व्हिडिओ रेकॉर्डर, राउटर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्याकरवी डिन या कंपनीवर खोट्या मागण्यांचा मारा केला होता. मिराईकडं होती ती फक्त ६० हून थोड्या अधिक ठरावीक यूजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. काही यंत्रांत तर तो बदलायची वाटच ठेवलेली नव्हती. डीव्हीडी प्लेअरसारखंच, विकलं की विषय संपला. फरक एवढाच, की हे यंत्र आता नेटला जोडलेलं होतं आणि त्याच्या दुखण्याचा संसर्ग इतरांना होत होता.

म्हणून ‘अपडेट नकोच’ हे उत्तर होऊ शकत नाही. नेटला जोडलेल्या वस्तूला डागडुजी लागतेच. खोट आहे ती एका बटणामागे दोन वेगळी कामं कोंबण्यात. एक अपडेट चोरापासून तुमचं घर राखतं. दुसरं तुमच्यापासून कंपनीचा धंदा राखतं. दोन्ही एकाच पाकिटात येतात, दोन्हींवर ‘सुरक्षा आणि किरकोळ सुधारणा’ असंच लिहिलेलं असतं. ही दोन कामं वेगळी करणं फुकट होत नाही, हे मला माहीत आहे. जितक्या आवृत्त्या तितकी चाचणी, तितका खर्च. पण तो वाचवला की बिल दुसरीकडे निघतं. दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा पाकीट उघडत नाही, आणि नेमकी त्याच्या फायद्याची दुरुस्ती त्या तिसऱ्या पाकिटात असते.

कायदे आता जागे होतायत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या यंत्रांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकायला बंदी आहे, आणि सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे उत्पादकाला आधीच जाहीर करावं लागतं. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्यात तर हा काळ साधारण किमान ५ वर्षांचा धरलाय. त्यातल्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. पण सुरक्षेच्या नावाखाली वस्तूतली एखादी सोय काढून घेतली तर काय, या प्रश्नाला ‘किती वर्षं’ हे उत्तर पुरत नाही.

तोवर टीव्ही, कॅमेरा किंवा राउटर घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारायला हरकत नाही : याला अपडेट किती वर्षं मिळणार? आणि नेट नसेल तर यातलं काय काय चालेल? तो बहुधा गोंधळून बघेल. विचारणारे वाढले, की उत्तर खोक्यावर छापून येईल. वॉरंटीही मागणाऱ्यांमुळेच छापली जाते.