विमानाच्या अंगावरील एक अक्षर

विमानतळाच्या कुंपणाशी दुर्बीण आणि वही घेऊन तासन्‌तास उभा राहणारा मनुष्य पाहिला म्हणजे आपल्याला त्याची थोडी कीवच येते. परंतु विमाननिरीक्षणाच्या या छंदात वहीत उतरून घेतला जातो तो मुख्यतः विमानाचा नोंदणीक्रमांक, आणि त्या चार-सहा चिन्हांत कित्येकदा राष्ट्रांचे तंटे दडलेले असतात. आपल्या विमानांवरील ‘व्हीटी’ वाचून मुंबईकराला बोरीबंदर आठवेल. वस्तुतः १९२७ च्या वॉशिंग्टन येथील रेडिओ परिषदेनंतरच्या वाटपात ती अक्षरे ब्रिटिश हिंदुस्थानच्या पदरी पडली, आणि राज्य गेले तरी ती राहिली.

चीनची गोष्ट याहून विलक्षण आहे. १९४९ मध्ये राष्ट्रवादी सरकार तैवानला गेले. त्याच्या विमानांचे अक्षर ‘बी’. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतील आसन बीजिंगकडे आले, १९७४ मध्ये बीजिंगने नागरी विमानवाहतुकीचा शिकागो करार मान्य केला, आणि मुख्य भूमीच्या विमानांवरही तेच ‘बी’ उमटले. तैवानने ते सोडले नाही. एका दप्तरात दोन कचेऱ्यांनी एकच जावक क्रमांक चालवावा, तसा हा प्रकार. आम्हां सरकारी माणसांना तो पाहून घामच फुटावा!

या प्रकाराचे खरे दर्शन सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर घडे. बोइंग कंपनीने रुंद अंगाच्या ७४७ विमानाची सुमारे १४ मीटरांनी आखूड केलेली, पण अधिक लांब पल्ल्याची ‘एसपी’ ही आवृत्ती काढली होती. अंग खुजे आणि शेपूट उंच, त्यामुळे ती दुरूनही ओळखू येई. अशी विमाने अवघी ४५ बांधली गेली. तैवानच्या चायना एअरलाइन्सने ती घेतली, आणि १९८० मध्ये बीजिंगच्या सरकारी विमानसेवेनेही घेतली. तिचे बी-२४४२ हे त्यांपैकीच एक. १९८१ च्या जानेवारीत तिची अमेरिकेची सेवा सुरू झाली.

तेव्हा निरीक्षकासमोर एकाच घडणीची विमाने येत: एकाच्या शेपटीवर पाच ताऱ्यांचा लाल ध्वज, दुसऱ्याच्या शेपटीवर ज्या सरकारची मान्यता अमेरिकेने १ जानेवारी १९७९ रोजी काढून घेतली होती त्याचा. शिवाय तैवानच्या काही विमानांवर ‘बी’ नव्हे, तर अमेरिकेचे ‘एन’ असे! १९ फेब्रुवारी १९८५ रोजी पॅसिफिकवर सुमारे ३०,००० फूट कोसळून सावरलेले आणि सॅन फ्रान्सिस्कोला सुखरूप उतरलेले विमान अशाच ‘एन’ अक्षराचे होते. ध्वज एकाचा, नोंद दुसऱ्याची.

पुढे १९९५ मध्ये तैवानच्या शेपटीवरील ध्वज जाऊन तेथे प्लमचे फूल आले. १९९७ मध्ये हाँगकाँगच्या विमानांवरील ‘व्हीआर’ पुसून ‘बी’ लिहिले गेले, १९९९ नंतर मकावच्याही. आज ‘बी’पुढे पाच अंक दिसले तर विमान तैवानचे, चार चिन्हे दिसली तर मुख्य भूमीचे, आणि तीन अक्षरे दिसली तर त्यांतले पहिले वाचावे लागते: ‘एम’ असेल तर मकाव.