रविवारच्या सुट्टीची कुळकथा

गिरणीतली रविवारची सुट्टी मालकांच्या उदारपणातून आली, असा समज आहे. तिची कुळकथा वेगळे सांगते. १८८४ साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. तिथे ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. यात दयेची याचना कुठेच नाही. माणूस म्हणून आपले काय येणे आहे, याचा तो रोखठोक हिशेब आहे.

कामगार राजीखुशीने कामाला येतो, मग अन्याय कसला, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. त्याचे उत्तर पगाराच्या मागणीतच आहे. केलेल्या कामाचे पैसे मालकाकडे अडकलेले आणि घर उधारीवर चाललेले असेल, तर नोकरी सोडायची कशी? ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकारावर न्याय्य करार उभा राहत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता. हिंदुस्थानातल्या गिरण्यांवर निर्बंध यावेत म्हणून इंग्लंडमधल्या लँकेशायरचे कापडवाले जोर लावत होते, आणि त्यात त्यांचा स्वार्थ होता हे खरेच. पण प्रतिस्पर्ध्याला फायदा होतो म्हणून थकलेल्या माणसाचा विश्रांतीचा हक्क खोटा ठरत नाही. शिवाय ही मागणी मुंबईच्या कामगारांनी स्वतः केली होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या.

१० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला आधार दिला. विश्रांतीने उत्पादन वाढते म्हणून सुट्टी द्यावी, असे आज व्यवस्थापनशास्त्र सांगते. ते खरे असेलही. पण नफ्यावर टेकलेली नीती नफा घटताच कोसळते. हक्क मात्र तोट्याच्या वर्षीही हक्कच राहतो. म्हणून अ‍ॅपवरून घरपोच माल पोचवणाऱ्यांबद्दल ‘त्यांनीच हे काम निवडले’ असे म्हणण्याआधी, नाही म्हणणे त्यांना परवडते का, हे धंदा करणाऱ्याने विचारलेच पाहिजे.