कांचेंतला समुद्र आणि त्याची नित्यसेवा

मराठवाड्याला समुद्रकिनारा नाहीं. परंतु समुद्राशीं त्याचा परिचय मात्र फार जुना आहे. लातूरपासून फार दूर नसलेलें तेर हें गांव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत पैठण आणि तगर या दोन पेठांचा उल्लेख असून, तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असें त्यांत सांगितलें आहे. त्याच ग्रंथांत भडोचला परदेशांतून येणाऱ्या वस्तूंमध्यें पोवळ्यांचेंहि नांव आहे. भूमध्य समुद्राच्या तळाशीं वाढलेलें पोवळें अशा रीतीनें या देशांत आलें, नवरत्नांत बसलें, मंगळाचें रत्न ठरलें आणि नांदेड-लातूरकडील घराघरांत अंगठीच्या कोंदणांत व माळेच्या मण्यांत जाऊन राहिलें.

परंतु जें आलें तें मेलेलें होतें. पोवळें हा दगड नव्हे. एका इवल्याशा सागरी जीवाच्या वसाहतीनें बांधलेला तो सांगाडा आहे. समुद्रांत प्रचंड खडक उभारणारीं प्रवाळें त्याच्याच गोतांतलीं. असा जीव समुद्रापासून दूर, घराच्या चार भिंतींत, जिवंत ठेवतां येईल, ही कल्पना अवघी पावणेदोनशें वर्षांची आहे. तिचा इतिहास पाहूं जातां एक गोष्ट ठळकपणें दिसते. यंत्रें बदललीं, कांच बदलली, परंतु रोजच्या रोज कोणीतरी कांहीं ठराविक कामें करीत राहिल्यावांचून हा समुद्र एक आठवडाहि टिकला नाहीं.

१८३२ सालीं सिसिली बेटावरील मेसिना येथें झान व्हिलप्रू-पॉवर या विदुषीनें सागरी जीवांच्या अभ्यासासाठीं कांचेच्या पेट्या तयार करविल्या. पुढें १८४६ मध्यें लंडनच्या ॲना थिन या बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं जिवंत प्रवाळें घरीं आणलीं. प्रवासांत तीं एकमेकांवर आदळूं नयेत म्हणून त्यांनीं तीं सुईदोऱ्यानें एका मोठ्या स्पंजाला टांकून घेतलीं होतीं. लंडन समुद्रापासून दूर. नवें पाणी वारंवार आणणें कठीण. म्हणून त्यांनीं एक उपाय योजला. घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत वरून ओती, आणि पुन्हा उलट ओती. रोज अर्धा-पाऊण तास हें काम चाले. ओततांना पाण्यांत हवा मिसळे आणि प्रवाळें जगत. पुढील वर्षीं पाण्यांत समुद्रवनस्पति ठेवल्यावर हे कष्ट कमी झाले. घरांतील प्रवाळांच्या निगेचें पहिलें वेळापत्रक म्हणावयाचें तर तें हेंच.

१८५० मध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें मासे, पाणवनस्पति आणि गोगलगाई यांचा परस्पर मेळ बसला म्हणजे पात्रांतील पाणी दीर्घकाळ निर्मळ राहतें, असें प्रयोगानें दाखविलें. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें, आणि पुढल्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकानें या छंदाची लाट आणली. ती लाट किनाऱ्याला मात्र सुखाची ठरली नाहीं. हौशी मंडळी हातोड्या व बरण्या घेऊन डेव्हनच्या खडकांवर लोटली, आणि युगानुयुगें फुललेलीं तेथील खळगीं थोड्याच वर्षांत ओसाड झालीं. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनीं १९०७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनांत या विध्वंसाबद्दल खेद व्यक्त केला आहे. ज्या पित्यानें हें सौंदर्य लोकांना दाखविलें, त्याच्याच ग्रंथांमुळें तें लुटलें गेलें, ही खंत पुत्रानें लिहावी, यांत इतिहासाचा मोठा धडा आहे.

सार्वजनिक मत्स्यालयांत या विद्येला शिस्त आली. विल्यम अल्फर्ड लॉइड यानें १८६४ मध्यें हँबुर्ग येथें आणि १८७१ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें निराळी रचना केली. खालीं अंधाऱ्या मोठ्या हौदांत पाण्याचा सांठा ठेवावयाचा आणि तेंच पाणी पंपानें अखंड फिरवावयाचें. भारतांत मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ मध्यें मत्स्यालय उघडलें. तें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बंद पडलें. मराठी माणसाच्या ओळखीचें मत्स्यालय म्हणजे मुंबईचें तारापोरवाला. तारापोरवाला यांच्या देणगीच्या साहाय्यानें मरीन ड्राइव्हवर उभारलेल्या या इमारतीचें उद्घाटन १९५१ मध्यें राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें झालें, आणि नूतनीकरणानंतर २०१५ मध्यें ती लोकांसाठीं पुन्हा खुली झाली. सुटींत मुंबईला गेलेल्या मराठवाड्यांतील अनेक मुलांनीं समुद्रांतले मासे प्रथम पाहिले ते तेथेंच.

एवढी निगा लागते तरी कां? कारण साधें आहे. मासा जेथें राहतो, तेथेंच त्याचा मळ पडतो. त्या मळांतून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. समुद्र अफाट असल्यामुळें तेथें तें विरून जातें. पेटींत तें सांचतें. या विषाचें रूपांतर सूक्ष्म जंतु करतात, हें १८७७ मध्यें श्लोझिंग आणि म्युंट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं सांडपाण्यावरील प्रयोगांनीं सिद्ध केलें. अमोनियापासून नायट्राइट आणि त्यापासून सौम्य नायट्रेट, अशी ती पायरी आहे. १९६१ मध्यें जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं हे जंतु ज्यांवर वसतात असे समुद्रांतील जिवंत खडकच पात्रांत ठेवून, केवळ हवेच्या बुडबुड्यांच्या साहाय्यानें प्रवाळें जगविल्याचें लिहिलें. जर्मनींतील अभ्यासकांनीं त्याला दोन गोष्टींची जोड दिली. हवेच्या बारीक फेसाबरोबर पाण्यांतील घाण वर काढावयाची, ही एक. आणि प्रवाळांच्या सांगाड्याला लागणारें कॅल्शियम पुरविण्यासाठीं पाण्यांत चुन्याची निवळी थेंबथेंब सोडावयाची, ही दुसरी. विड्याच्या तबकांतला चुना प्रवाळाचें घर बांधावयासहि उपयोगी पडतो, ही गोष्ट गृहिणींना मौजेची वाटेल.

आतां नांदेड किंवा लातूर येथील एखाद्या घरांत दोनशें लिटरची खाऱ्या पाण्याची पेटी आहे, असें समजूं. समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे या पेटीला सुमारें सात किलो क्षार लागतील. स्वयंपाकांतलें मीठ येथें उपयोगाचें नाहीं. समुद्रांतील सर्व क्षारांचें योग्य मिश्रणच हवें. नित्यकर्म सकाळीं सुरू होतें. उष्णमान पाहावयाचें; तें २५ अंशांच्या आसपास राहिलें पाहिजे, आणि वैशाखांत बाहेर पारा चाळिशीपलीकडे गेलेला असतो. मग पातळी पाहावयाची. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागें राहतें. म्हणून उणें झालेलें पाणी रोज गोड्या पाण्यानेंच भरून काढावें लागतें. तेथें खारें पाणी ओतणाऱ्याच्या पेटींतील खारटपणा दिवसेंदिवस वाढत जातो. त्यानंतर पंप चालू आहे कीं नाहीं, मासे खातात कीं नाहीं, एखादा जीव मेला तर नाहीं, हें पाहावयाचें. दर आठवड्यास क्षारांचें प्रमाण मोजावयाचें, कांचेवरील शेवाळ खरवडावयाचें, फेसाचें भांडें धुवावयाचें आणि सुमारें दशांश पाणी काढून तितकेंच नवें घालावयाचें. महिन्याकांठीं पंप उकलून त्यावर सांठलेला चुना शिरक्यानें काढावयाचा. या सर्व कामांत एक पथ्य मराठी घराला विशेष पाळावें लागेल. तांब्या-पितळेचा हंडा किंवा घागर या पाण्याला लावूं नये. माणसाला पवित्र असलेलें तांबें प्रवाळ, कोळंबी, शंख यांना अल्प प्रमाणांतहि विष आहे.

वेळापत्रकाचें खरें मोल येथें कळतें, आणि खरी अडचणहि येथेंच आहे. विंधणविहिरीचें जड पाणी या पेटीला चालत नाहीं. तें यंत्रानें गाळून घ्यावें लागतें, आणि घरगुती यंत्र शुद्ध पाण्याच्या प्रत्येक घागरीमागें दोनतीन घागरी मोरींत सोडतें. आठवड्याच्या वीस लिटरांसाठीं चाळीस ते साठ लिटर वायां जातात. रोजची भर निराळीच. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरला काय घडलें, तें याच्या शेजारीं ठेवून पाहावें. मांजरा धरण कोरडें पडलें होतें. मार्चमध्यें पाण्याच्या ठिकाणीं दंगे होऊं नयेत म्हणून जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला पोंचली. दहा वाघिणींत मिळून सुमारें पांच लाख लिटर पाणी. २०११ च्या जनगणनेप्रमाणें शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक. म्हणजे त्या गाडीनें माणशीं सव्वा लिटरच्या आसपास पाणी आणलें. तशा दिवसांत कांचेंतल्या समुद्रासाठीं घागर उपडी करणाऱ्याचा हात कांपल्यावांचून कसा राहील?

त्याच वर्षीं दुसरीकडेहि एक घटना घडत होती. प्रशांत महासागराचें पाणी तापविणारा 'एल निनो' २०१५-१६ मध्यें फार प्रबळ होता. २०१५ च्या पावसानें ओढ दिली त्यामागील प्रमुख कारणांत त्याची गणना होते. त्याच उष्णतेनें २०१६ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळरांगेपासून आपल्या लक्षद्वीपापर्यंत प्रवाळें पांढरीं पडलीं. प्रवाळाच्या देहांत राहून त्याला अन्न पुरविणारे सूक्ष्म शैवाल पाणी तापलें म्हणजे देहाबाहेर टाकले जातात. रंग जातो, आणि उष्णता टिकली तर जीवहि जातो. लातूरची कोरडी विहीर आणि लक्षद्वीपचें पांढरें प्रवाळ यांचा संबंध शेंकडों मैलांवरून असा जुळला होता.

म्हणूनच कायद्याची बाजूहि ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ मध्यें खडक बांधणारीं सर्व प्रवाळें घालण्यांत आलीं. मालवणचा समुद्र तर १९८७ पासूनच अभयारण्य आहे. तेथून प्रवाळाचा तुकडा तोडून आणणें हा गुन्हा आहे. मग तो मखमलींत ठेवा कीं कांचेंत. डेव्हनच्या किनाऱ्यावर जी चूक झाली, ती कोंकणच्या किनाऱ्यावर होऊं नये, हाच यांतील हेतु.

मग मराठवाड्यांतील हौशी कुटुंबानें करावें काय? गोड्या पाण्याच्या लहानशा पेटींत पिंजऱ्यांतच निपजलेले मासे ठेवावे. तेथेंहि अमोनियाचा नियम तोच, आठवड्याच्या दशांश पाण्याचा नेमहि तोच, आणि काढलेलें पाणी तुळशीला किंवा परसांतील भाजीला उत्तम खत होतें. समुद्र पाहावयाचा तर मत्स्यालयांत किंवा किनाऱ्यावर पाहावा. नांदेडला गोदावरीचें आणि लातूरला मांजरेचें पाणी वाहतें. मांजरा पुढें गोदावरीसच मिळते, आणि तें सारें पाणी अखेर पूर्वसमुद्राला जातें. त्या पाण्यांत काय सोडावें आणि काय सोडूं नये, हेंहि समुद्राच्या निगेचेंच वेळापत्रक आहे.

ॲना थिन यांचें नांव या विद्येच्या इतिहासांत आदरानें घेतलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या प्रवाळांना श्वास मिळत होता तो खिडकीपाशीं उभी राहून रोज पाऊण तास पाणी ओतणाऱ्या त्या मोलकरणीच्या हातून. त्या हकीकतींत ती केवळ 'घरची मोलकरीण' आहे.