डेटाबेसची नाडी कोण पाहतो?

विशेष प्रतिनिधी

शिरवळ (जि. सातारा) : पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदीचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू होतो आणि पहिले मोठे गाव लागते ते शिरवळ. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना गेल्या काही दशकांत कारखाने उभे राहिले. अशा कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर सायंकाळी माल भरलेले ट्रक उभे असतात. ट्रक सुटण्यापूर्वी मालाची नोंद, बीजक, ई-वे बिल आणि गेटपास असे चार कागद तयार व्हावे लागतात. हे चारही कागद आता संगणकातून निघतात. डेटाबेस मंदावला की कागद अडतो, कागद अडला की ट्रक अडतो आणि चालकाची रात्र फाटकावरच जाते. मात्र 'सिस्टीम स्लो आहे' एवढ्याच तीन शब्दांत या साऱ्याची बोळवण होते.

ही मंदगती क्वचितच अचानक येते. तिची लक्षणे बहुतेक वेळा काही तास, काही दिवस, कधी काही आठवडे आधी दिसू लागतात. ती पाहणारे कोणी नसते, इतकेच. संस्थेतील सर्व डेटाबेसची कामगिरी आणि प्रकृती सतत मोजत राहण्याच्या या कामाला 'डेटाबेस मॉनिटरिंग' म्हणतात. बिघाडाची बातमी खिडकीबाहेर किंवा फाटकावर उभ्या असलेल्या माणसाकडून कळू नये, ती संस्थेला त्याच्याआधी कळावी, हा त्याचा साधा हेतू आहे.

सर्व्हर सुरू, काम बंद

सर्व्हर सुरू असणे आणि डेटाबेस निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राचे दिवे लागलेले असतात, नेटवर्क व्यवस्थित असते, प्रोसेसरवर ताणही नसतो. तरीही पडद्यावर बीजक उमटत नाही. एका कर्मचाऱ्याने साठ्याची नोंद दुरुस्त करण्यासाठी उघडली, ती पूर्ण न करता तो चहाला गेला आणि त्या नोंदीवरचा 'लॉक' तसाच राहिला, तर त्याच नोंदीत बदल करू पाहणाऱ्या मागच्या सर्वांना थांबावे लागते. बाहेरून पाहणाऱ्याला यंत्र निवांत दिसते, कारण सारे केवळ वाट पाहत असतात. म्हणूनच यंत्राच्या देखरेखीखेरीज डेटाबेसच्या आत डोकावणारी स्वतंत्र देखरेख आवश्यक ठरते.

काय मोजायचे?

सर्वप्रथम उपलब्धता. डेटाबेस जोडणी स्वीकारतो का, एवढे तपासून भागत नाही. दर मिनिटाला एखादी छोटी चाचणी-नोंद लिहून ती परत वाचता येते का, हे पाहणे अधिक विश्वासार्ह.

दुसरा प्रतिसादाचा काळ. येथे सरासरी फसवी असते. शंभर विनंत्यांपैकी ९५ अर्ध्या सेकंदात पूर्ण झाल्या आणि पाच जणांना ३० सेकंद थांबावे लागले, तर सरासरी जेमतेम दोन सेकंद येते. प्रत्यक्षात दोन सेकंदांचा अनुभव त्या शंभरांपैकी एकालाही आलेला नसतो. म्हणून '९५ टक्के विनंत्या किती वेळात पूर्ण झाल्या आणि उरलेल्यांना किती वेळ लागला', असा हिशेब ठेवतात.

तिसरे, जोडण्यांची संख्या आणि लॉक. एकाच वेळी किती जोडण्या उघडता येतील याला मर्यादा असते. ती गाठली की नव्या माणसाला दार बंद होते. कोणती क्वेरी कोणामुळे अडली आहे, ही साखळी दिसायला हवी.

चौथी साठवणुकीची जागा. डिस्क ८० टक्के भरली, ही माहिती अपुरी आहे. ५०० जीबीच्या डिस्कवर १०० जीबी उरले असतील आणि रोज दोन जीबी भरत असतील, तर हाती ५० दिवस आहेत, ही खरी माहिती. ओरॅकलमध्ये बदलांच्या नोंदी साठवण्याची जागा संपली, तर डेटाबेस नवे बदल स्वीकारणेच थांबवतो. त्यामुळे मूळ माहितीइतकेच लक्ष या नोंदींच्या जागेवर ठेवावे लागते.

पाचवे, मूळ डेटाबेस आणि त्याची दुसऱ्या ठिकाणची प्रत यांतील अंतर. प्रत मागे पडत चालली असेल, तर संकटाच्या वेळी ती अर्धवट निघते. आणि सहावा बॅकअप. तो घेतला गेला का, यापेक्षा तो परत उतरवून पाहिला का, हा प्रश्न महत्त्वाचा.

ही मोजमापे मिळवण्याची साधने बहुतेक डेटाबेससोबतच येतात. ओरॅकलचा 'एडब्ल्यूआर' अहवाल, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून आलेले 'क्वेरी स्टोअर', पोस्टग्रेसमधील 'पीजी स्टॅट स्टेटमेंट्स' आणि मायएसक्यूएलमधील संथ क्वेरींची नोंदवही ही त्यांतील प्रमुख. मायएसक्यूएलच्या नोंदवहीत मात्र एक गोम आहे. ती मुळात बंद असते आणि सुरू केल्यावरही, बदल न केल्यास, १० सेकंदांहून अधिक वेळ घेणारी क्वेरीच टिपते. दररोज हजारो वेळा तीन-तीन सेकंद खाणारी क्वेरी तिच्या नजरेतून सुटते.

नेहमीचे काय, हे आधी ठरवा

ताप किती आहे हे कळण्यासाठी शरीराचे नेहमीचे तापमान माहीत असावे लागते. डेटाबेसचेही तसेच आहे. सोमवारची सकाळ, महिनाअखेर, विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख या प्रत्येक वेळेचा नेहमीचा भार वेगळा असतो. काही आठवड्यांच्या नोंदींवरून ही 'मूळरेषा' ठरवली जाते आणि तिच्यापासून ढळणे म्हणजे बिघाडाची चाहूल.

ही चाहूल किती जणांच्या कामाची असते, हे सातबाराच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला. जमिनीच्या खरेदीखताची नोंदणी झाली की तिची माहिती ई-फेरफार प्रणालीतून गावपातळीवर पोहोचते, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडल अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावर सातबारा बदलतो. या साखळीतील प्रत्येक कडी कोणत्या ना कोणत्या डेटाबेसवर उभी आहे. खंडाळा तालुक्यासारख्या, महामार्ग आणि औद्योगिक क्षेत्रामुळे जमिनीला भाव आलेल्या भागात एखादा फेरफार अडणे म्हणजे कोणाचे कर्ज, कोणाची वाटणी, तर कोणाच्या घराचे काम अडणे. पीककर्जाच्या हंगामात एकाच वेळी हजारो उतारे मागितले जातात. तो भार दरवर्षी येणार हे ठाऊक असते. म्हणून त्याची तयारीही आधी करता येते.

तयारी कमी पडली तर काय होते, याचे उदाहरण शिरवळच्या फाटकांशीही जोडलेले आहे. वस्तू व सेवा कराअंतर्गत आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल १ फेब्रुवारी २०१८ पासून बंधनकारक होणार होते. पहिल्याच दिवशी संकेतस्थळावर भार पडून अडचणी आल्या आणि सरकारला त्याच दिवशी ही सक्ती पुढे ढकलावी लागली. अखेर ती १ एप्रिल २०१८ पासून अमलात आली. चाचणीच्या काळातला भार आणि सक्तीच्या दिवसाचा भार यांत किती फरक पडतो, हे त्यातून दिसले.

संपूर्ण संस्थेसाठी एकच फलक

मोठ्या संस्थेत डेटाबेस एक नसतो. उत्पादनाचा एक, लेख्यांचा दुसरा, हजेरीचा तिसरा आणि कोणा अभियंत्याने पाच वर्षांपूर्वी टेबलाखालच्या संगणकावर सुरू केलेला चौथा. म्हणून पहिली पायरी म्हणजे यादी : डेटाबेस कोठे आहे, कोणत्या आवृत्तीचा आहे, त्यावर कोणते काम चालते, तो बंद पडल्यास कोणाचे काम थांबते आणि त्याची जबाबदारी कोणाकडे आहे. या यादीत नसलेला डेटाबेसच बहुधा सर्वाधिक त्रास देतो.

त्यानंतर सर्वांची मोजमापे एका ठिकाणी आणली जातात. नागिओस आणि झॅबिक्स ही साधने या कामासाठी दीर्घकाळ वापरात आहेत. अलीकडच्या काळात प्रोमिथियसने मोजमापे गोळा करायची आणि ग्राफानाच्या फलकावर ती पाहायची, ही जोडी रुळली आहे. ही चारही साधने मुक्त स्रोत आवृत्तीत उपलब्ध असल्याने लहान सहकारी संस्थेलाही परवडतात. दोन पथ्ये मात्र पाळावीत. देखरेख करणारी यंत्रणा ज्यांच्यावर देखरेख करायची त्याच यंत्रावर ठेवू नये, अन्यथा दोघेही एकदम आडवे होतात. आणि देखरेखीसाठी वापरायच्या खात्याला मोजमापे वाचण्यापलीकडे अधिकार देऊ नयेत.

इशारा कोणाला आणि केव्हा?

शिरवळजवळ नीरेवर वीर धरण आहे. पावसाळ्यात धरण काठोकाठ भरेपर्यंत कोणी थांबत नाही. पातळी वाढू लागली की नोंदी वारंवार घेतल्या जातात आणि विसर्गापूर्वी नदीकाठच्या गावांना सावध केले जाते. डेटाबेसच्या इशाऱ्यांचेही दोन टप्पे हवेत : 'लक्ष द्या' आणि 'आताच उठा'. पहिला कार्यालयीन वेळेत पाहता येतो, दुसऱ्यासाठी मध्यरात्रीही कोणाचा तरी दूरध्वनी वाजायला हवा. दररोज दोनशे इशारे येऊ लागले, तर माणूस ते वाचणे सोडून देतो आणि दोनशे एकावा इशारा खरा असतो. ज्या इशाऱ्यावर काहीच कृती करायची नसते, तो बंद करावा, हाच त्यावरील उपाय.

दोन धडे

गिटलॅब या संगणक आज्ञावली साठवणाऱ्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने मागे पडलेली प्रत दुरुस्त करताना चुकून मूळ डेटाबेसमधील सुमारे ३०० जीबी माहिती पुसली. बॅकअप शोधू लागल्यावर कळले की रोजचा बॅकअप आवृत्तीतील विसंगतीमुळे निष्फळ ठरत होता आणि त्याविषयीचे ई-मेल इशारे स्वीकारलेच जात नव्हते. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाती लागली. मधल्या सहा तासांतील माहिती गेली. कंपनीने ही सारी हकिकत स्वतःच जाहीर केली. इशारा पाठवला गेला म्हणजे तो पोहोचला असे नव्हे, हा त्यातला पहिला धडा.

दुसरा धडा सेंट्री या कंपनीचा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक व्यवहाराला क्रमांक मिळतो आणि सुमारे दोनशे कोटी क्रमांकांनंतर जुन्या नोंदींची साफसफाई झाली नसेल, तर डेटाबेस नवे लेखन नाकारतो. जुलै २०१५ मध्ये सेंट्रीची सेवा यामुळे खंडित झाली. हा आकडा एका रात्रीत वाढत नाही. तो फलकावर असता आणि कोणी पाहत असते, तर साफसफाईला पुरेसा अवधी मिळतो.

नियम काय सांगतात?

'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे, ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि यंत्रांची घड्याळे अधिकृत कालस्रोताशी जुळवणे बंधनकारक आहे. घड्याळांचा नियम वरकरणी किरकोळ वाटतो. पण दोन सर्व्हरच्या घड्याळांत तीन मिनिटांचा फरक असेल, तर आधी काय बिघडले आणि नंतर काय, हेच ठरवता येत नाही.

साधने, फलक आणि नियम असले, तरी अखेर प्रश्न माणसाचा उरतो. प्रत्येक डेटाबेससमोर एका जबाबदार व्यक्तीचे नाव, ती रजेवर असताना दुसरे नाव आणि दर तीन महिन्यांनी बॅकअप परत उतरवून पाहण्याचा एक दिवस, एवढे जरी संस्थेने ठरवले तरी निम्मे काम होते. सायंकाळी फाटकावर थांबलेल्या ट्रकचालकाला किंवा उताऱ्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला डेटाबेस म्हणजे काय, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याचे काम वेळेत झाले आणि त्याला काहीच विचारावे लागले नाही, तर नाडी कोणीतरी वेळीच पाहिली, असे समजावे.