सोळा भिडूंचा चंदल मंडल

जानेवारी १६०१ मध्ये आपल्या बऱ्हाणपूरजवळचा असीरगड पडला, तेव्हा अबुल फजल दक्षिणेतच होता. त्याच्या ‘आईन-ए-अकबरी’त अकबराने रचलेल्या एका खेळाची नोंद आहे: चंदल मंडल. वाटोळा पट, १६ भिडू, ६४ सोंगट्या, ४ फासे. पहिला सुटेल त्याने उरलेल्या १५ जणांकडून पैज वसूल करायची, दुसऱ्याने १४ जणांकडून. शेवटच्याने सर्वांना द्यायचे. (बादशहाच मागे राहिला तर मागायला जाणार कोण!) अशा खेळांत बादशहा माणसे पारखी, असे अबुल फजल सांगतो. सारीपाट घरोघर टिकला, कारण त्याला चौघे पुरतात. चंदल मंडलाला सोळा माणसे रिकामी लागत. ती दरबारातच मिळणार. दरबार उठला, पटही उठला.