रुग्णालयातली रात्र कोणाच्या वाट्याला? पाळ्यांचा एक इतिहास

१/
सकाळची पाळी, संध्याकाळची की रात्रीची? रुग्णालयात शुश्रूषा-मदतनीस म्हणून कामाला लागणाऱ्या प्रत्येकीपुढे हा प्रश्न येतो. वरवर पाहता तो वैयक्तिक सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात कायदा, विज्ञान, वर्ण, वर्ग आणि स्त्रीत्व या सर्वांचे धागे गुंतलेले आहेत. मित्रहो, आजचा हा धागा त्याविषयी.

२/
प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गिरणीला रात्र हवी होती ती नफ्यासाठी. यंत्र थांबवले तरी गिरणी मरत नव्हती. रुग्णालयाचे तसे नाही. पाजणे, कूस बदलणे, बेडपॅन देणे, तापाने बरळणाऱ्यापाशी बसणे ही कामे सूर्यास्तानंतर थांबत नाहीत. त्यामुळे रात्री कोणीतरी जागायलाच हवे, हे येथे गृहीतच होते. वाद होता तो एवढाच, की कोणी आणि कोणत्या अटींवर.

३/
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये हे जागरण प्रायः गरीब, वयस्क स्त्रियांच्या वाट्याला येई. चार्ल्स डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ (१८४३-४४) या कादंबरीत सेरी गॅम्प आणि बेट्सी प्रिग या दोघी एकाच रुग्णाची शुश्रूषा वाटून घेतात. प्रिग दिवसा, गॅम्प रात्री. दारूची चटक असलेली, बेफिकीर गॅम्प ही रात्रीच्या परिचारिकेची बदनाम प्रतिमा ठरली. त्या प्रतिमेने स्त्रियांच्या आळसाला हसून घेतले. त्यांच्या तुटपुंज्या मजुरीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

४/
मग आली दुसरी प्रतिमा: फ्लॉरेन्स नाइटिंगेल, हाती दिवा, स्कुटारीचे सैनिकी रुग्णालय, क्रिमियन युद्ध (१८५३-५६). हा दिवा चित्रांत दिसतो तसा अल्लादिनचा नव्हे; तो तुर्की पद्धतीचा, घडी होणारा कंदील होता. पण त्याहून महत्त्वाचा तपशील पुढे आहे. रात्री आठनंतर इतर परिचारिकांना सैनिकांच्या वॉर्डांत जाण्याची मुभा नव्हती. अब्रूचा प्रश्न होता, आणि नियम खुद्द नाइटिंगेलबाईंचा होता.

५/
म्हणजे दिवा घेऊन फिरणारी ती एक सोडली, तर स्कुटारीची रात्र सांभाळत होते पुरुष ऑर्डर्ली. हे बहुतेक आजारातून उठत असलेले सैनिकच होते. शुश्रूषेच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध रात्र ज्यांनी प्रत्यक्ष जागून काढली, त्या मदतनिसांचे चित्र कोणी काढले नाही. पुढे १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल प्रशिक्षणशाळा निघाली, शुश्रूषा हा प्रतिष्ठित व्यवसाय झाला, आणि रात्रपाळी पुन्हा स्त्रियांकडे आली. या वेळी मात्र शिस्तीत, गणवेशात.

६/
दिवसाचे दोन तुकडे, बारा तास आणि बारा तास, ही पद्धत दीर्घकाळ टिकली. तिला पहिला मोठा कायदेशीर धक्का कॅलिफोर्नियात बसला. तेथे १९११ साली स्त्रियांसाठी आठ तासांच्या दिवसाचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये तो शिकाऊ परिचारिकांनाही लागू करण्यात आला. पदवीधर परिचारिकांना मात्र वगळले. एका रुग्णालयाच्या विश्वस्तांनी याला आव्हान दिले. ‘बॉस्ली विरुद्ध मॅक्लॉफ्लिन’ या खटल्यात १९१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला.

७/
आठ तासांचा दिवस म्हणजे चोवीस तासांचे तीन तुकडे. ‘सकाळ, संध्याकाळ, रात्र’ ही त्रयी आज निसर्गदत्त वाटते. वस्तुतः ती कामगार चळवळीची देणगी आहे. आठच्या तीन पाळ्या म्हणजे दोनाऐवजी तीन माणसे, म्हणजेच अधिक पगार. म्हणून रुग्णालयांनी ती पद्धत सहजासहजी स्वीकारली नाही. ‘सेवा’ हा शब्द अशा वेळी फार उपयोगी पडतो: सेवेला घड्याळ कसले?

८/
आता आपल्याकडे येऊ. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने भारतातील गिरण्यांमधील स्त्रियांचे काम दिवसाला ११ तासांवर आणले. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंदी घालणारा करार झाला. भारताने तो १९२१ मध्ये मान्य केला. गिरणगावात भोंग्यावर चालणारी ‘रातपाळी’ ही त्यामुळे पुरुषांची मिरास झाली. मुंबईच्या गिरण्यांतून स्त्रिया हळूहळू बाहेर पडल्या, त्यामागच्या कारणांत इतिहासकार या बंदीचाही विचार करतात.

९/
पण हा करार ‘औद्योगिक’ कामापुरताच होता. रुग्णालय त्यात येत नव्हते. १९४८ च्या सुधारित करारात तर अधिक स्पष्ट अपवाद घातला गेला: आरोग्य आणि कल्याण सेवांमधील, सहसा अंगमेहनतीचे काम न करणाऱ्या स्त्रियांना ही बंदी लागू नाही. हे शब्द नीट वाचा. ‘अंगमेहनतीचे काम न करणाऱ्या.’ रुग्णाला उचलणारी, चादरी बदलणारी, फरशी पुसणारी आया कुठे बसते?

१०/
ती कुठेच बसत नाही. धड कामगार नाही, म्हणून गिरणीतल्या बाईचे संरक्षण नाही. धड परिचारिका नाही, म्हणून पांढऱ्या गणवेशाचा मान नाही. रात्रीची एकच पाळी एका बाईसाठी ‘अब्रूला धोका’ ठरते आणि दुसरीसाठी ‘सेवाधर्म’. दोघी एकाच चाळीत राहत असल्या तरीही. कायद्याला रात्रीची चिंता होती, की रात्री कोणाचे काम सोयीचे आहे याची, असा प्रश्न येथे पडतो.

११/
मनुष्यबळाचे चित्र १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातून दिसते. अखंड हिंदुस्थानात त्या वेळी सुमारे ७,००० परिचारिका होत्या; म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक. इतक्या तुटवड्यात खाटेजवळचे बरेचसे काम नातेवाईक, आया आणि वॉर्डबॉय यांच्यावर पडणे अपरिहार्य होते. आपल्या रुग्णालयांत ‘मावशी’ आणि ‘मामा’ ही हाक रूढ झाली. हाक आपुलकीची खरी; पण मावशीला पाळी निवडण्याचा हक्क असतो का, हे ती हाक सांगत नाही.

१२/
निवड ही ताकदीतून येते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील चार्ल्सटन शहरात सापडते. १९६९ च्या मार्चमध्ये तेथील मेडिकल कॉलेज रुग्णालयात बारा कर्मचाऱ्यांना काढून टाकल्यावर चारशेहून अधिक कर्मचारी संपावर गेले. बहुतेक सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया. त्यांत शुश्रूषा-मदतनिसांचा मोठा भरणा. मेरी मूल्ट्री ही त्यांची नेती स्वतः याच पदावर होती. मजुरी तासाला १.३० डॉलर. शहरात नॅशनल गार्ड आले, रात्रीची संचारबंदी लागली, कोरेटा स्कॉट किंग मोर्चात उतरल्या. सुमारे शंभर दिवसांनी तडजोड झाली आणि काढलेल्यांना परत घेण्यात आले.

१३/
जेथे संघटना उभ्या राहिल्या तेथे पाळीचे वाटप बऱ्याचदा सेवाज्येष्ठतेवर होऊ लागले, आणि संध्याकाळ-रात्रीसाठी थोडा जादा मोबदला मिळू लागला. तिथूनच ‘कोणती पाळी घेऊ?’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्मला. त्यापूर्वी तो प्रश्न नव्हता, हुकूम होता.

१४/
आणि प्रश्न सोपा नाही. सकाळच्या पाळीत अंघोळी, चादरी, डॉक्टरांची फेरी, तपासण्यांसाठीची ने-आण. कष्ट सर्वाधिक, पण शिकायलाही सर्वाधिक मिळते. संध्याकाळच्या पाळीत भेटीला येणारे नातेवाईक आणि रात्रीचे जेवण. मात्र घरी मुले शाळेतून परततात तेव्हा आई कामावर असते. रात्री गडबड कमी, पण हातही कमी. वॉर्डात एकटीने रुग्णाची कूस बदलावी लागते. मुलांसाठी म्हणून रात्रपाळी घेणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. त्यांचा दिवस घरासाठी जातो, रात्र रुग्णालयासाठी, आणि झोप कोणाच्याच हिशेबात नसते.

१५/
या झोपेचा हिशेब विज्ञानाने मांडला. अमेरिकेत १९७६ पासून परिचारिकांच्या आरोग्याची दीर्घकालीन पाहणी सुरू आहे. रात्रपाळी आणि स्तनाचा कर्करोग यांच्या संबंधाविषयी जे संशोधन झाले, त्यात या पाहणीचा वाटा मोठा. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जैविक घड्याळ विस्कटणाऱ्या पाळीकामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत ते मत कायम ठेवले. ‘बहुधा’ हा शब्द विसरू नये. तो सिद्धतेचा दाखला नव्हे.

१६/
दरम्यान डेन्मार्कने २००९ च्या सुमारास दीर्घकाळ रात्रपाळी केलेल्या काही स्तनकर्करोगग्रस्त स्त्रियांना भरपाई दिली. आणखी एक उपयुक्त निष्कर्ष: माणसाचे अंतर्गत घड्याळ सरासरीने चोवीस तासांहून किंचित लांब चालते. त्यामुळे सकाळ, मग संध्याकाळ, मग रात्र असे पुढे सरकणे शरीराला तुलनेने सोपे जाते. उलटा क्रम जड जातो. ड्यूटीचा तक्ता लिहिताना ही गोष्ट पाळायला पैसा लागत नाही.

१७/
रात्रीला दुसरे भय आहे, सुरक्षेचे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी घुसले. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवती स्त्रियांना सुरक्षित जागी हलवले, पुढे न्यायालयात कसाबला ओळखले, आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपले अनुभव मांडले. १८८६ साली खास स्त्रिया व मुलांसाठी सुरू झालेल्या त्या रुग्णालयाच्या इतिहासात ही रात्र कायमची नोंदली गेली आहे.

१८/
ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरील तरुण स्त्री-डॉक्टरची हत्या झाली. त्यानंतर तेथील राज्य सरकारने उपाय सुचवला: शक्य तेथे स्त्रियांना रात्रीची ड्यूटी देऊ नये. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आक्षेप घेतला. स्त्रियांना सवलत नको, समान संधी हवी. सुरक्षा पुरवणे हे सरकारचे काम, असा त्याचा आशय होता. १९१९ चा जुना वाद शंभर वर्षांनी पुन्हा उभा राहिला, पण या वेळी उत्तर वेगळे मिळाले.

१९/
तरीही एक बाजू अपुरी राहते. भारतात २०२० च्या श्रमसंहितेने स्त्रियांच्या रात्रकामासाठी त्यांची संमती आवश्यक मानली. पण ब्यूरोमार्फत बारा-बारा तासांवर घरोघरी वा रुग्णालयात जाणारी मावशी ‘नाही’ म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी येते. नकाराची किंमत रोजगार असेल, तर संमतीला अर्थ किती? १९७७ च्या शुश्रूषा कर्मचारी कराराने गैरसोयीच्या वेळांची भरपाई इतर कामगारांइतकी तरी हवी असे म्हटले, आणि त्यात मदतनीसही धरले. भारताने तो करार स्वीकारलेला नाही.

२०/
शेवटी दोन शब्दांविषयी. गिरणीत ‘पाळी’ म्हणत, रुग्णालयात ‘ड्यूटी’ म्हणतात. ड्यूटी म्हणजे कर्तव्य; ते टाळता येत नाही, त्याबद्दल घासाघीस करणे अशोभनीय ठरते. पाळी म्हणजे क्रम. ती आज माझी, उद्या तुझी, परवा तिसऱ्याची. पाळीत न्याय अनुस्यूत आहे. रात्र तर कोणीतरी जागायलाच हवी. ती सतत त्याच एकीच्या वाट्याला येऊ नये, जागणारी सुखरूप घरी पोहोचावी, आणि तिच्या झोपेचे मोल हिशेबात धरले जावे, एवढेच मागणे या साऱ्या इतिहासातून उरते.

२१/
तुमच्या घरात आजी, आई, मावशी किंवा शेजारी कोणी रुग्णालयात पाळ्या केल्या असतील, तर त्यांना एकदा विचारा: पाळी कोण ठरवत असे? या श्रमांच्या लेखी नोंदी फार थोड्या आहेत. आठवणी मात्र अजून घराघरांत आहेत. त्या विरण्याआधी लिहून ठेवणे हेही इतिहासाचेच काम आहे. धागा येथे संपतो.